उरलेल्या फिती

व्हिटबीच्या वृद्धाश्रमात कपडे धुते मी.
धुण्याइतकंच नावं शिवण्याचं काम:
गाऊनच्या गळ्याला, मोज्याच्या काठाला
पांढरी फीत, तिच्यावर लाल अक्षरं.
नाहीतर एकीचं स्वेटर दुसरीच्या खणात
आणि चहापर्यंत महाभारत.

मी लागले तेव्हा चार हिल्डा होत्या.
जेवणघरात एकीला हाक मारली
की चार चमचे थांबायचे.
मग फितींवर आडनावं आली,
तरीही दोघी हार्लंड निघाल्या, नणंद-भावजय,
एका बोटीच्या वाटणीवरून
एकसष्ट सालापासून अबोला.
एकीला निळा दोरा दिला, एकीला हिरवा.

शेवटी उरली हिल्डा व्हेरिल.
बाप हेरिंग धुरावर टांगायचा.
तिच्या बोटांना अजून तो वास येतो
असं तिचं म्हणणं; मला फक्त साबणाचा यायचा.

इस्त्री चालू असताना ती खुर्चीत बसून सांगायची:
हिल्ड म्हणजे लढाई.
टेकडीवरच्या मठाची ती पहिली बाई, तेराशे वर्षांमागची,
नुसती हिल्ड.
पुढचा काना लॅटिन लिहिणाऱ्यांनी जोडला,
त्यांना बाईचं नाव उघड्यावर संपलेलं बघवेना.
तिने सापांचे दगड केले म्हणे,
वेटोळ्यासकट;
अजून किनाऱ्यावर सापडतात
आणि बंदरावरच्या दुकानात चार पौंडांना मिळतात.

बाकी देश विसरला हे नाव, आम्ही नाही,
असं म्हणताना ती मान अशी ताठ करायची
जणू मधली सगळी शतकं
तिने एकटीने खारवून बरणीत ठेवली होती.
मग तिच्या आजीच्या वेळी साऱ्या इंग्लंडला अचानक आठवण झाली.
गल्लीगल्लीत हिल्डा. लीड्समध्ये हिल्डा, लंडनमध्ये हिल्डा.
‘आमच्याकडून उसनं नेलं,
वापरून वापरून विटवलं,
आणि परत करताना धुतलंसुद्धा नाही.’

तिची स्वतःची लढाई एवढीच:
लापशीवर मुरांबा, आणि रात्री खिडकी उघडी.
मुरांब्याची जिंकली.

आईबाप नाव ठेवतात,
त्यानंतर जग नावं ठेवतं.
माझ्या आईला हिल्डा म्हणजे
डांबरगोळ्यांचा वास मारणारी मावशी वाटायची,
म्हणून मी लोरेन.
वर्गात आम्ही पाच लोरेन होतो,
हजेरी घेताना बाई बोटं मोजायच्या.
आता पाळण्यात एकही सापडायची नाही.
आमची पलटण याच खणांकडे निघाली आहे,
हळूहळू, गुडघे धरत.

फेब्रुवारीत हिल्डा व्हेरिल गेली.
जानेवारीत मागवलेल्या तिच्या छत्तीस फिती
दफनाच्या तिसऱ्या दिवशी टपालाने आल्या.
परत घेत नाहीत. छापलेलं नाव कोण परत घेणार.

मे महिन्यात पाववाली ब्रायनी आली, ट्रे एका हातात,
दुसऱ्या हातात सहा आठवड्यांचं गाठोडं.
‘हिल्डा ठेवलंय,’ म्हणाली.
माझ्या घशाशी काहीतरी आलं.
‘आमच्या व्हेरिलबाईंवरून?’
‘कोण त्या?’
पाव मोजत राहिली.
‘छोटं आहे. आणि सध्या कुणाचंच नाही, म्हणून घेतलं.’

अर्थ सांगितला तिला. लढाई.
‘रात्री दोनला कळतंच ते,’ म्हणाली.

मी खण उघडला.
कात्री अक्षरांमधल्या रिकाम्या जागेत घातली,
एकदा, मग पुन्हा, छत्तीस वेळा.
टोपीला, दुपट्याला, पाळणाघरात न्यायच्या
त्या एवढ्याशा कोटाला पुरतील.
ब्रायनीने मुठीत घेऊन खिशात कोंबल्या,
पिठाच्या हाताने.

टेबलावर छत्तीस व्हेरिल उरले,
नखाएवढे, लाल.
कचऱ्याच्या डब्यावर हात नेला
तेवढ्यात ड्रायरची घंटा झाली,
आणि मी ते ॲप्रनच्या खिशात टाकून
चादरी काढायला गेले.